वाचकांचे प्रश्न : करार संपताना भाव कोणाचा?

गेल्या अंकात फुटबॉलपटूंच्या करारांवर दोन परिच्छेद लिहिले आणि टपाल त्याच विषयानं भरून गेलं. म्हणून या वेळची सगळी जागा त्यालाच. नव्या वाचकांसाठी सांगते, मी पुण्यात वकिली करते. त्याआधी मडगावच्या एका क्लबच्या कचेरीत खेळाडूंची नोंदणी, बदलीचे दाखले आणि करारांच्या फायली माझ्याकडे असायच्या. पत्रं थोडी काटछाट करून दिली आहेत, नावं गाळली आहेत.

मॅडम, मी लिव्हरपूलचा चाहता आहे. ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्ड हा क्लबनं लहानाचा मोठा केलेला खेळाडू. २०२५ मध्ये तो रियाल माद्रिदला जवळजवळ फुकट गेला. एवढा शहाणा क्लब असं कसं होऊ देतो? आणि महिन्याभरात फुकट मिळणार होता त्याच्यासाठी रियालनं सुमारे १ कोटी युरो कशाला मोजले?
*— महाविद्यालयीन विद्यार्थी, सातारा*

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्यात पहिल्याचं उत्तर दडलंय. ट्रेंटचा करार ३० जून २०२५ ला संपत होता. क्लब विश्वचषक अमेरिकेत जूनच्या मध्यावर सुरू होणार होता आणि रियालला तो पहिल्या सामन्यापासून हवा होता. ते १ कोटी युरो म्हणजे त्या एका जून महिन्याची किंमत. १ जुलैला तोच खेळाडू, तेच पाय, तोच क्रॉस, आणि लिव्हरपूलला द्यायची रक्कम शून्य झाली असती.

बदलीची रक्कम म्हणजे खेळाडूची किंमत, असं आपण बोलताना म्हणतो. करारात तसं काही नसतं. जुना क्लब उरलेल्या मुदतीवर पाणी सोडतो, त्याचा तो मोबदला. ४ वर्षं उरली असतील तर ४ वर्षांचा, एक महिना उरला असेल तर महिन्याचा. मुदतच उरली नाही तर विकायला क्लबच्या हातात काही राहत नाही. हे एकदा लक्षात आलं की बदलीच्या मोसमातल्या निम्म्या बातम्या आपोआप उलगडतात.

आता लिव्हरपूल. फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाच्या, नियमाप्रमाणे कराराचे शेवटचे ६ महिने राहिले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी थेट बोलू शकतो, पुढच्या मोसमासाठी सहीसुद्धा करू शकतो. म्हणजे परदेशी क्लबला १ जानेवारीपासून दार उघडं. (इंग्लंडमधल्या इंग्लंडमध्ये बदली असेल तर तिथले नियम जास्त कडक आहेत.) त्यामुळे शहाणा क्लब २ वर्षं शिल्लक असतानाच निर्णय घेतो, नवा करार करायचा की विकायचं. लिव्हरपूलसाठी ती वेळ २०२३ च्या उन्हाळ्यात आली आणि गेली. जानेवारी २०२४ मध्ये प्रशिक्षक युर्गन क्लॉपनी क्लब सोडत असल्याचं जाहीर केलं, त्या वर्षात वरची व्यवस्थापक मंडळीही बदलली. आणि सालाह, व्हॅन डाइक, ट्रेंट या तिघांचे करार एकाच तारखेला संपत होते. माझ्या मते खरी चूक ती. एवढे मोठे तीन करार एका दिवशी संपू द्यायचे नसतात.

सालाह आणि व्हॅन डाइक यांनी एप्रिल २०२५ मध्ये २-२ वर्षांचे नवे करार केले. ट्रेंटनं केला नाही. हा निष्ठेचा फरक म्हणून रंगवला गेला. मला तो वयाचा वाटतो. पहिले दोघं तिशी केव्हाच ओलांडलेले. त्यांना पुन्हा विकून पैसा येणार नाही हे क्लबलाही ठाऊक, म्हणून बोलणी फक्त पगारावर आणि किती वर्षं यावर. ट्रेंट २६ वर्षांचा. त्याच्यापुढे गणित वेगळं होतं.

ते गणित मांडून दाखवते. आकडे माझे, समजण्यापुरते. समजा एखाद्या क्लबनं एका खेळाडूवर ५ वर्षांत १० कोटी युरो घालायचे ठरवलेत. त्याचा करार चालू असेल तर त्यातले ६ कोटी जुन्या क्लबला आणि ४ कोटी खेळाडूला पगार म्हणून. करार संपला असेल तर ते ६ कोटी मोकळे होतात. सगळे खेळाडूच्या खिशात जात नाहीत. काही एजंट घेतो, बरेचसे नवा क्लब वाचवतो. पण तिसरा हिस्सा जरी सहीच्या बोनसच्या आणि वाढीव पगाराच्या रूपानं मिळाला, तरी ५ वर्षांत २ कोटी जास्त झाले, म्हणजे मूळ पगाराच्या दीडपट. उलट त्यानं जुन्या क्लबशी करार वाढवला, की पुढं त्याला विकताना येणारी रक्कम पुन्हा त्या क्लबची. बदलीची रक्कम आणि पगार एकाच थैलीतून निघतात. म्हणून मुदत संपत आली की तो पैसा क्लबकडून खेळाडूकडे सरकतो.

मग २०२४ मध्ये विकून का टाकलं नाही? कारण शेवटच्या वर्षाचा खेळही काही मोलाचा असतो. २०२४-२५ ची प्रीमियर लीग लिव्हरपूलनं ट्रेंटसह जिंकली. २०१३ मध्ये जर्मनीच्या बोरुसिया डॉर्टमुंडनं हाच विचार केला होता. त्यांच्या आघाडीच्या लेवांडोव्स्कीला बायर्न म्युनिकला जायचं होतं, करार एक वर्षाचा उरला होता. डॉर्टमुंडनं पैसे सोडले आणि त्याला ठेवून घेतलं. त्यानं २० गोल करून बुंडेसलीगात सर्वाधिक गोलांचा मान मिळवला आणि २०१४ मध्ये एकही युरो न देता बायर्नला गेला. मी डॉर्टमुंडला मूर्ख म्हणणार नाही. त्यांनी एक पूर्ण मोसम विकत घेतला, रोख देऊन.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. मे २०२५ मध्ये ट्रेंटनं जात असल्याचं सांगितलं आणि त्याच आठवड्यात आर्सेनलविरुद्ध ॲनफिल्डवर स्वतःच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. करार मोडून पळालेल्या माणसावर राग समजू शकते. यानं तर ठरलेला मोसम पुरा खेळून दिला होता आणि जूनचे पैसेही क्लबला मिळाले. क्लब जेव्हा ३० वर्षांच्या खेळाडूचा करार वाढवत नाही तेव्हा त्याला व्यवहार म्हणायचं, आणि खेळाडूनं तेच केलं की गद्दारी? तुम्ही चाहते आहात, तुम्हाला वाईट वाटणारच. पण हा हिशेब बरोबर नाही.

शेवटचं वर्ष लागलं की खेळाडूचा भाव चढतो की पडतो? दोन्ही वाचायला मिळतं. टॉटनहॅमचा एरिक्सन २०२० मध्ये सुमारे २ कोटी युरोत इंटर मिलानला गेला. त्याच क्लबच्या हॅरी केनसाठी २०२३ मध्ये बायर्ननं १० कोटींच्या घरात मोजले. करार दोघांचेही संपत आलेले. मग हे कसं?
*— निवृत्त बँक अधिकारी, नाशिक*

तुम्ही एकाच क्लबची जोडी निवडलीत, त्यामुळे फरक स्वच्छ दिसतो. एरिक्सन जानेवारीत गेला, कराराचे ५ महिने उरलेले असताना. त्याला कुणाशीही फुकट सही करायची मुभा मिळून चुकली होती आणि टॉटनहॅमला हे माहीत आहे हे इंटरला माहीत होतं. केन ऑगस्टमध्ये गेला. पूर्ण मोसम शिल्लक होता. त्या एका मोसमातले गोल टॉटनहॅमला हवेच होते, आणि बायर्नला तर लेवांडोव्स्की गेल्यापासून नंबर ९, म्हणजे गोल करणारा मुख्य आघाडीवीर, सापडत नव्हता. विकणाऱ्याला घाई नसली आणि घेणाऱ्याला असली, की एक वर्षसुद्धा भारी पडतं.

पण बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला मी अर्धंच उत्तर देऊन चालणार नाही. शेवटच्या वर्षात बदलीची रक्कम पडते आणि पगार चढतो, हे खरं, पण ज्यांच्या दारात दुसरा क्लब उभा आहे त्यांच्याचपुरतं. बाकीच्यांचं शेवटचं वर्ष कसं जातं हे बातमीत येत नाही, आणि फुटबॉलमध्ये बाकीचेच जास्त आहेत.

ज्या माणसामुळे करार संपल्यावर फुकट जाता येतं, तोही असाच साधा खेळाडू होता. जाँ-मार्क बोसमन, बेल्जियमच्या आरएफसी लिएजचा मधल्या फळीतला खेळाडू. त्याचा करार ३० जून १९९० ला संपत होता. बोनस धरून महिन्याला सरासरी १,२०,००० बेल्जियन फ्रँक मिळायचे. एप्रिलमध्ये क्लबनं एका मोसमाचा नवा करार पुढं केला, पगार ३०,००० फ्रँक. बेल्जियन फुटबॉल संघटनेच्या नियमात बसणारा सर्वांत कमी आकडा तोच होता. एक चतुर्थांश. त्यानं नकार दिला तेव्हा त्याला बदलीच्या यादीत टाकलं आणि किंमत लावली १,१७,४३,००० फ्रँक. पगार ठरवताना हा ३० हजारांचा, आणि विकताना सव्वा कोटीच्या आसपासचा. करार संपत आलेल्या माणसाबद्दल एकाच कचेरीनं हे दोन कागद काढले होते.

पुढं फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतला डंकर्क क्लब त्याला घ्यायला तयार झाला, महिना सुमारे १ लाख फ्रँक आणि सहीचे ९ लाख. लिएजशीही एका वर्षासाठी १२ लाख ठरले. अट एवढीच की मोसमाच्या पहिल्या सामन्याआधी, म्हणजे २ ऑगस्टपूर्वी, बेल्जियन संघटनेचा बदलीचा दाखला फ्रान्सला पोचावा. डंकर्क पैसे देऊ शकेल का याची शंका येऊन लिएजनं तो दाखला मागितलाच नाही. करार कोसळले. ३१ जुलैला क्लबनं त्याला निलंबित केलं.

बदलीचे दाखले मी माझ्या हातांनी भरलेले आहेत. कागद एवढासा असतो, एक शिक्का, एक सही, आणि तो वेळेत गेला नाही तर एका माणसाचं वर्ष जातं. बोसमनची तर ५ वर्षं गेली. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयानं निकाल दिला: करार संपलेल्या खेळाडूसाठी युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशाच्या क्लबकडून बदलीची रक्कम मागता येणार नाही. संघात युरोपीय संघातलेच किती परदेशी असावेत यावरची मर्यादाही त्याच निकालानं उठवली. पाठोपाठ एडगर डाव्हिड्स १९९६ मध्ये आयॅक्स सोडून मिलानला फुकट गेला, मग मॅकमॅनमन रियालला, मग सोल कॅम्पबेल टॉटनहॅमहून थेट शेजारच्या आर्सेनलला. त्यांचे पगार बोसमनच्या खटल्यानं वाढवले. त्याची स्वतःची कारकीर्द तोवर संपल्यातच जमा होती आणि पुढची वर्षं त्यानं हलाखीत काढली. ट्रेंटची सही बघताना मला तो आठवतो, त्याला इलाज नाही.

आता त्या निकालाची दुसरी बाजू, जी मी कचेरीत बसून पाहिली. करार संपला की खेळाडू मोकळा, तसाच क्लबही मोकळा. इंग्लंडमध्ये मोसम संपल्यावर दरवर्षी क्लब याद्या प्रसिद्ध करतात, कोणाला ठेवलं, कोणाला सोडलं. आपल्याकडे यादी लागत नाही, फोन येणं थांबतं. मडगावला मे महिन्यात एक डावा बॅक (डाव्या बाजूचा बचावपटू) रोज अकराच्या सुमारास कचेरीत डोकवायचा. "मॅडम, माझं पेपर आलं?" ३१ मेला त्याचा करार संपत होता. मार्चमध्ये गुडघा दुखावला होता. क्लबच्या डॉक्टरांनी ६ आठवडे सांगितलेले. आमच्या व्यवस्थापकांनी मला सांगून ठेवलं होतं, "जूनमध्ये बघू." जूनमध्ये बघू याचा अर्थ ३१ तारखेनंतरचा खर्च आपला नाही. करार चालू असता तर पगार आणि उपचार क्लबकडे राहिले असते. तारीख उलटल्यावर तो फुकट मिळणारा खेळाडू झाला, आणि कुणीच घेतला नाही. दुखऱ्या गुडघ्याचा डावा बॅक फुकटसुद्धा महाग असतो.

म्हणून शेवटच्या वर्षात आलेला मध्यम दर्जाचा खेळाडू बहुधा मिळेल त्या पगारावर सही करतो, आणि मी त्याला चूक म्हणत नाही. फ्रान्समध्ये खेळाडूंची संघटना यूएनएफपी करार नसलेल्या खेळाडूंसाठी उन्हाळी सराव शिबिर भरवते. त्यांचा वेगळा संघ करून सामने खेळवते, म्हणजे क्लबच्या माणसांना ते दिसावेत आणि अंगातला खेळ उतरू नये. स्पेन आणि जर्मनीच्या संघटनाही हे करतात. भारतात मोसमा-मोसमामध्ये इतकं मोठं अंतर पडतं की इथं त्याची गरज त्याहून जास्त आहे. हे कुणीतरी हाती घ्यावं, अशी माझी फार इच्छा आहे.

चेल्सी ८-८ वर्षांचे करार करते. यात फायदा कोणाचा? खेळाडू का तयार होतात?
*— महाविद्यालयीन संघाचा गोलकीपर, वसई*

मूळ फायदा हिशेबाचा. बदलीची रक्कम जमाखर्चात कराराच्या वर्षांवर वाटून दाखवतात. १० कोटी ५ वर्षांत वाटले तर दर वर्षी २ कोटी खर्च, ८ वर्षांत वाटले तर सव्वा कोटी. एंझो फर्नांडेसला जानेवारी २०२३ च्या शेवटी सुमारे १०.७ कोटी पौंडांना घेताना करार साडेआठ वर्षांचा केला तो यासाठीही. युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेनं २०२३ मध्येच आणि मग त्याच वर्षअखेर प्रीमियर लीगनं नियम केला की करार कितीही लांबचा असो, रक्कम फार तर ५ वर्षांवर वाटायची. ती पळवाट बुजली, तरी लांब करार चालूच आहेत, कारण दुसरा फायदा उरला. खेळाडू शेवटच्या वर्षात लवकर पोचतच नाही. वर सांगितलेलं सगळं बळ त्याच्या हातात यायला २०३० उजाडावं लागतं.

खेळाडूला काय मिळतं? सुरक्षितता. २१ व्या वर्षी गुडघा गेला तरी पगार चालू. गरिबीतून आलेल्या मुलाला याची किंमत किती वाटते हे मला ठाऊक आहे, त्यामुळे सही करणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. मात्र पगार मोठा, मुदत लांब आणि प्रशिक्षकाला तो नको, असं झालं तर दुसरा कुठलाच क्लब तो पगार द्यायला पुढं येत नाही. रहीम स्टर्लिंग २०२५-२६ च्या पूर्वार्धात चेल्सीच्या मुख्य संघापासून वेगळा सराव करत होता, आणि त्याचा करार तर ५ च वर्षांचा होता.

ताई, पोरगा १७ वर्षांचा आहे, आमच्या तालमीच्या संघातनं शाहू स्टेडियमवर खेळतो. परराज्यातल्या एका क्लबनं करार धाडलाय. ३ वर्षं, आणि पुढं २ वर्षं "क्लबच्या इच्छेनुसार". पहिल्या वर्षी महिना १५ हजार, राहणं-जेवण त्यांच्याकडं. शुक्रवारपतोर सही करून पाठवा म्हणत्यात. एजंट म्हणतोय संधी सोडू नका. मी रिक्षा चालवतो, यातलं मला कळत नाही. सही करू का?
*— एक वडील, कोल्हापूर*

दादा, तुमच्याशी फोनवर बोलणं झालंच आहे. इतर आईवडिलांच्या उपयोगी पडावं म्हणून तेच इथं लिहिते.

संधी खरी आहे, घाबरून नाकारू नका. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ ला १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, पुढं इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) गेला. तुमच्या पेठांमधून मुलं वर जातात. पण या कागदावर जशाच्या तशी सही नको.

सगळ्यात वाईट ओळ त्या २ वर्षांची आहे. १८ वर्षांखालच्या खेळाडूचा करार फार तर ३ वर्षांचा, हा फिफाचा नियम. तुमच्या मसुद्यात ३ अधिक २ असे ५ होतात, फक्त वेगळ्या दारानं. त्यात पगाराचा आकडाच नाही. "त्या वेळी क्लब ठरवेल" एवढंच. याचा अर्थ नीट बघा. पोरगा चांगला निघाला तर क्लब त्याला २ वर्षं आपल्या मर्जीच्या पगारात अडकवणार, कमी पडला तर घरी पाठवणार. वर साताऱ्याच्या मुलाला जे बळ समजावून सांगितलं, ते या एका ओळीनं तुमच्या मुलाकडून आधीच काढून घेतलंय. असे एकतर्फी वाढीचे अधिकार वादात गेले की न्यायाधिकरणं त्यांच्याकडे संशयानंच बघतात. पुढच्या वर्षांचा पगार आधीच लिहिलाय का, तो स्पष्ट वाढलाय का, क्लबनं वेळेत कळवलं का, हे तपासतात. पण कोल्हापूरच्या रिक्षावाल्यानं तिथवर लढायला जावं लागणं हीच मुळात हार आहे. म्हणून कलम आत्ताच काढायला लावायचं. निघत नसेल तर त्या वर्षांचा पगार आजच आकड्यात लिहून घ्या, क्लबनं कोणत्या तारखेच्या आत लेखी कळवायचं ते लिहून घ्या, आणि "दोघांच्या संमतीनं" हे शब्द घाला.

हा अधिकार कोणाच्या हातात आहे यानं किती फरक पडतो, ते एम्बापेकडे बघून कळतं. पॅरिसच्या पीएसजी क्लबशी २०२२ मध्ये झालेल्या करारात जादा वर्षाचा अधिकार त्याच्या स्वतःच्या हातात होता. जून २०२३ मध्ये त्यानं लेखी कळवलं की ते वर्ष मी वापरणार नाही. क्लबनं त्याला जपानच्या दौऱ्यातून वगळलं, तरी शेवटी २०२४ मध्ये तो रियालला गेलाच. जगातल्या सगळ्यात ताकदवान खेळाडूंपैकी एकाला लेखी हक्क वापरल्याबद्दल एवढा ताप झाला. तुमच्या मुलाच्या कागदावर तर हक्कच दुसऱ्याच्या नावावर आहे.

दुसरं, वय. आपल्या कायद्यात अज्ञानाचा, म्हणजे १८ वर्षांखालच्याचा, करार टिकत नाही. १९४८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात राजराणी विरुद्ध प्रेम अदीब हा खटला झाला. अज्ञान मुलीच्या वतीनं वडिलांनी सिनेमातल्या कामाचा करार केला होता, निर्मात्यानं ती भूमिका दुसरीला दिली, आणि न्यायालयानं सांगितलं की या करारावर तिला दावाच लावता येत नाही. मुलाला १८ पूर्ण झाले की त्याच अटींवर त्याच्या स्वतःच्या सहीनं नवा करार होईल, हे आत्ताच लिहून घ्या आणि ती तारीख घरात भिंतीवर लावून ठेवा.

पगाराची तारीख मसुद्यात नाही. "दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, बँक खात्यात" असं हवं. फिफाच्या नियमात २ महिन्यांचा पगार थकला तर खेळाडूनं लेखी नोटीस द्यावी, १५ दिवस थांबावं, आणि तरीही पैसे आले नाहीत तर करार सोडायला सबळ कारण मिळतं. हे मोठ्या क्लबलाही लागतं. २०२५ मध्ये आयएसएलचा मोसमच लांबणीवर पडला तेव्हा ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीनं मुख्य संघाचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवल्याचं जाहीर केलं होतं. तिथले खेळाडू नावाजलेले, त्यांच्यामागे संघटना उभी राहिली. तुमच्या मुलामागे बँकेचं पासबुक आणि ते नोटिशीचं पान एवढंच असेल.

दुखापतीच्या कलमात "३ महिन्यांहून अधिक काळ खेळू न शकल्यास क्लब करार संपवू शकेल" असं आहे. हे अजिबात मान्य करू नका. शस्त्रक्रिया, फिजिओ आणि त्या काळातला पगार क्लबकडे, असं हवं. ज्या डाव्या बॅकबद्दल वर लिहिलंय, त्याच्या करारातही उपचारांवर एक धूसर ओळ होती. आणि "वैद्यकीय चाचणी उत्तीर्ण झाल्यास करार लागू" ही जी ओळ आहे, तीही काढायला सांगा. चाचणी सहीच्या आधी घ्यायची असते. करार तिच्यावर अवलंबून ठेवता येत नाही, असा फिफाचा स्पष्ट नियम आहे.

एक गोष्ट मुलाला समोर बसवून सांगा. सही झाली की मोडायची नाही, मग दुसरा कुणी दुप्पट का देईना. २८ व्या वाढदिवसाआधी केलेल्या कराराची पहिली ३ वर्षं संरक्षित धरतात. त्यात सबळ कारणाशिवाय बाहेर पडलं तर भरपाईबरोबर बंदीही येते. सप्टेंबर २०२४ मध्ये करार मोडल्यावरून झालेल्या अन्वर अलीच्या प्रकरणात भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीनं ४ महिन्यांची बंदी आणि १२.९० कोटींची भरपाई सुनावली होती. दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर तो आदेश मागे घेतला गेला, पण भारताच्या एका अव्वल बचावपटूचा मोसम कोर्टाच्या तारखांत अडकला तो अडकलाच.

एजंटला तीन गोष्टी लेखी विचारा: फिफाचा परवाना क्रमांक काय, त्याला पैसे क्लब देतो की तुम्ही, आणि तुम्ही सही केल्यावर त्याला किती मिळतात. तिसऱ्याचं उत्तर आलं की "संधी सोडू नका" हे तो का म्हणतोय ते कळेल. तालमीच्या सेक्रेटरींनाही भेटा. मुलाची नोंदणी महासंघाच्या ऑनलाइन पद्धतीत कधीपासून आहे ते बघा. वयाच्या १२ व्या वर्षापासून तो कुठल्या क्लबकडे होता याची नोंद असेल तर पुढं प्रशिक्षणाच्या भरपाईत तालमीचाही वाटा निघू शकतो, आणि ज्यांनी त्याला घडवलं त्यांना तो मिळायला हवा.

शुक्रवारची घाई त्यांची आहे. ३ वर्षांचा करार देणारा क्लब ८ दिवस थांबू शकतो. मी सांगितलं तसं तुम्ही ईमेलनं मुदत मागितलीत आणि त्यांनी दिली, हे परवा कळलं, बरं वाटलं. नवा मसुदा आला की आधी कलम ४ आणि ११ वाचा, तीच ती २ वर्षांची आणि दुखापतीची. बदल पेनानं समासात केलेले असतील तर प्रत्येक ठिकाणी त्यांचीही सही घ्या. सगळ्या पानांवर सह्या झालेली एक प्रत तुमच्याकडे आल्याशिवाय मुलाला गाडीत बसवू नका.